दहावीची विश्रांती

"सॉफ्टबॉलच्या नियमांचं पुस्तक जगात दोघांनाच कळलंय. एक ते लिहिणारा आणि दुसरा मी!"

स्टोअरकीपर हे प्रत्येक सामन्याआधी छाती फुगवून सांगायचा. खोक्यांच्या कारखान्यात तो दिवसभर नट-बोल्ट मोजायचा आणि संध्याकाळी कारखान्याच्या बायकांच्या संघाला खेळ शिकवायचा. दोन्हीकडे आवाज तोच. लोक त्याला 'नियमराव' म्हणत. त्याला तो मान वाटे, हे आणखी वाईट.

त्याची बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि त्याच संघात तिसऱ्या बेसवर. अकरा वर्षं! तिच्या बाजूनं चेंडू पलीकडे गेलेला फारसा कुणी पाहिला नव्हता. पण या अकरा वर्षांत सामन्यात तिच्या हाती बॅट एकदाही आली नव्हती, कारण यादीत तिचं नाव कायम दहावं. फलंदाजी नऊजणींची. दहावीनं फक्त चेंडू अडवायचे, आणि तिच्या वाटची फलंदाजी दुसरीच कुणीतरी करणार. ही दुसरी म्हणजे रंगखात्यातली दणकेबाई. तिनं मारलेला चेंडू शोधायला वॉचमनला पाठवावं लागे.

यंदा डॉक्टरांनी बायकोचा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "हा शेवटचा हंगाम."

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता तिनं विचारलं, "अहो, मला एकदा तरी मारू द्याल का? एकदाच."

"अंतिम सामन्यात! शेवटच्या इनिंगला दणकेबाईच्या जागी तू. अगदी नियमात बसतं!"

दुसऱ्या दिवशी तिनं एका जुन्या मोज्यात चेंडू घातला, तो मागच्या अंगणात दोरीला टांगला आणि रोज सकाळी त्यावर बॅट चालवायला लागली.

"कुणावर राग काढताय हो?" शेजारणीनं कुंपणावरून विचारलं.

"अजून ठरलं नाही," बायको म्हणाली.

अंतिम सामना पडला तो दवाखान्याच्या नर्सबाईंशी. त्यांना शिकवायला होती मेट्रन. मांडीवर वही घेऊन ती सगळं टिपत होती. कोण आलं, कोण गेलं, कोण पाणी प्यायलं! नियमराव तिच्याकडे बघून हसला. बायकांना वह्या भरायची हौसच असते म्हणे!

दुसऱ्या इनिंगला त्याच्यातला नवरा जागा झाला. "अगं, तू जरा बस. बॅटिंगसाठी ताजी राहा. तुझ्या जागी दणकेबाई उभी राहील."

"मला नाही बसायचं. दुखत नाहीये."

"तुला काय कळतंय? बस!"

ती बसली. अंपायरनं विचारलं, "दहावी बाहेर?"

"बाहेर कसली? मारणाऱ्या नऊजणींत तिचं नावच नाही, तर ती बाहेर जाईल कशी? नुसती टेकलीय!"

अंपायरनं काहीतरी लिहिलं. मेट्रननंही लिहिलं. चौथ्या इनिंगला बायको परत गेली आणि उताणी पडून एक झेल घेतला. सगळं मैदान ओरडलं. नियमरावाला मात्र गुडघाच दिसला. सहाव्या इनिंगला पुन्हा, "चल, बस!"

"अहो, मी ठीक आहे. नका ना बसवू."

"कोचशी वाद घालायचा नाही!"

सातवी इनिंग. शेवटची. कारखाना एका धावेनं मागे, दोघी बाद, दोघी बेसवर. दणकेबाईची पाळी आली. नियमरावानं हात वर केला आणि तिच्या जागी बायकोला पाठवलं. कारखान्यातल्या बायकांनी कपाळाला हात लावला, पण दिलेला शब्द पाळणारा माणूस होता तो, एवढं म्हणायला हवं.

पहिला चेंडू तिनं सोडला. दुसरा मात्र असा मारला, की मोज्यातल्या चेंडूचं सार्थक झालं! तो दोन नर्सबाईंच्या मधून कुंपणापर्यंत गेला. बेसवरच्या दोघी धावत होम बेसवर आल्या. बायको लंगडत, पळत, पुन्हा लंगडत पहिल्या बेसवर पोचली आणि हसायला लागली. लग्नाच्या फोटोतही ती एवढी हसली नव्हती. जिंकलो!

तेवढ्यात मेट्रन वही घेऊन शांतपणे चालत आली. "हरकत आहे. ही दोनदा बाहेर गेलीय. परत येता येतं एकदाच."

"बाहेर गेलीच नाही!" नियमरावानं खिशातून पुस्तक ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागला. "दहावीच्या वाटची फलंदाजी करणारी खेळाडू मैदानात कोणाच्याही जागी उभी राहू शकते... तिनं दहावीची जागा घेतल्यास मात्र... दहावी सामन्याबाहेर गेली असं..." आवाज बारीक होत होत बंदच पडला.

"अंपायरसाहेब, मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"समोरच्यांनी हरकत घेतल्याशिवाय मी बोलत नाही. मी तुम्हाला विचारलं होतं."

बायको बाद. धावा रद्द. सामना गेला. ती पहिल्या बेसवरून हलेचना. "बाई, तुम्ही बाद आहात," असं अंपायरला दोनदा सांगावं लागलं. मग ती खाली मान घालून आली.

चार दिवस तो पुस्तकात डोकं घालून बसला. पाचव्या दिवशी सकाळी तो उड्या मारतच स्वयंपाकघरात आला. बायको गुडघ्याला पट्टा बांधत होती.

"सापडलं! मी तुला सहाव्या इनिंगला बसवलं नसतं ना, तर तुझा फटका पूर्ण कायदेशीर होता! एवढीशी चूक बघ!"

"मी म्हणाले होते, मला बसायचं नाही."

"कधी म्हणालीस?"

त्यानं हे अगदी मनापासून विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"दोन्ही वेळा," ती म्हणाली, आणि पट्टा आवळून कामावर निघाली.