राउटर शुद्धीवर आणण्याची अधिकृत पद्धत

घरातल्या कुठल्याही यंत्राला सर्वांत मोठा धोका असतो तो त्याची काळजी घेणाऱ्या माणसाचा. बेफिकीर माणसाच्या घरी राउटर बारा-बारा वर्षं धूळ खात सुखाने चालतो. निरीक्षकांच्या घरी तो उत्तम चालू असतानाच सुधारायला घेण्यात आला.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त ते फक्त कागदोपत्री झाले होते. घरातल्या प्रत्येक घड्याळाची आणि थर्मामीटरची वार्षिक तपासणी होई (सासूबाईंची दर सहा महिन्यांनी). त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता राउटरची पाळी आली. कॉम्प्युटरवर सूचना झळकत होती: 'नवे फर्मवेअर उपलब्ध आहे.' फर्मवेअर म्हणजे राउटरच्या डोक्यात कारखान्यातच भरलेली अक्कल. नवी अक्कल फुकट मिळत असताना जुनीवर भागवणं निरीक्षकांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"बाबा, आज नको हं," मुलगी आतून ओरडली. "चार वाजता माझी मुलाखत आहे. ऑनलाइन."

"म्हणूनच तर," म्हणत निरीक्षकांनी बटण दाबलं.

आकडा चढू लागला. खाली ठळक ताकीद होती: 'काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नये.' चौऱ्याण्णव टक्क्यांवर आकडा थांबला. निरीक्षकांनी सात मिनिटं वाट पाहिली. सात मिनिटं जागचा न हलणारा काटा अडकलेला समजावा, असा खात्याचा नियम होता. त्यांनी नियमानुसार प्लग उपटला.

त्यानंतर राउटरवर एकच लाल दिवा उरला आणि तो भांबावल्यासारखा लुकलुकू लागला.

पहिल्या तासात राउटरला भेट देणाऱ्यांची नोंद अशी: बायको चार वेळा, मुलगी अकरा वेळा, सासूबाई एकदा ("जावईबापू, याला कुणी लागेलसं बोललं का?"). करण्यात आलेले उपाय: बंद करून चालू करणे (सहा वेळा), फुंकर मारणे, खिडकीत उन्हाला ठेवणे, आणि सर्वांनी मिळून रागाने पाहणे. शेवटच्या उपायाने दिवा किंचित जास्त लाल झाल्याचं निरीक्षकांनी नोंदवलं. लँडलाइनवरून कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला, तिथली बाई फार गोड होती. इंटरनेट बंद पडल्यास काय करावं, याची सविस्तर माहिती इंटरनेटवर आहे, असं तिने सांगितलं.

शेवटी खणातून माहितीपुस्तिका निघाली. रीत सोपी होती. राउटर तारेने कॉम्प्युटरला जोडा. मागच्या बारीक भोकातलं बटण टाचणीने दाबून धरा आणि धरलेलं असतानाच वीज चालू करा. तीस सेकंदांनी दिवा संथ लुकलुकेल, म्हणजे राउटर अर्धवट शुद्धीवर आला. मग त्याला फर्मवेअरची फाइल भरवा. फाइल कंपनीच्या वेबसाइटवर. वेबसाइट इंटरनेटवर. इंटरनेट राउटरमध्ये. राउटर फाइलच्या प्रतीक्षेत. इतकं काटेकोर वर्तुळ निरीक्षकांनी खात्यातही क्वचितच पाहिलं होतं. त्यांना क्षणभर आदर वाटला.

मोबाइलची रेंज त्या इमारतीत जिन्याच्या चौथ्या पायरीवर मिळे, तीही 'हॅलो, ऐकू येतंय का' एवढं विचारण्यापुरती.

दोन वाजले. मुलगी नखं कुरतडत बसली होती. ही तिची तिसरी मुलाखत. आधीच्या दोन ठिकाणी 'कळवतो' म्हणाले होते, ते अजून कळवत होते.

"अहो, खाली जा," बायको म्हणाली. "मास्तरांचं नेट चालू आहे."

खालच्या मजल्यावर टेलरमास्तर राहत. चार वर्षांपूर्वी निरीक्षकांनी शेजारधर्म म्हणून त्यांची टेप तपासली होती आणि ती मीटरमागे तीन मिलिमीटर कमी भरल्याची नोटीस त्यांच्या दाराला डकवली होती (सही-शिक्क्यासह, शिक्का घरचा). तेव्हापासून बोलणं बंद होतं. मास्तर समोर आले की निरीक्षक जिन्याचा कठडा तपासू लागत.

त्यांनी एकदा मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि लॅपटॉप छातीशी धरून ते खाली उतरले. दार मास्तरांनीच उघडलं.

"राउटर गेला," निरीक्षक म्हणाले.

"अरेरे! कधी?"

"सकाळी. माझ्याच हातून."

अशा प्रसंगी चार वर्षांचा राग टिकत नाही. मास्तरांनी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. फक्त पासवर्ड विचारताच ते कावरेबावरे झाले.

"आणा इकडे, मीच टाइप करून देतो."

"छे छे, सांगा ना. लिहून घेतो."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं. मग मास्तर भिंतीला उद्देशून म्हणाले, "वरचाखडूस. सगळं जोडून. पुढे तीन, आणि एम एम."

निरीक्षकांनी लिहून घेतलं आणि खात्रीसाठी मोठ्याने वाचलं. "एम दोन?"

"दोन."

फाइल उतरू लागली. बऱ्याच वेळाने निरीक्षक म्हणाले, "आमचा 'खालचाचोर' होता. सकाळी पुसला गेला."

मास्तरांच्या बायकोला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. मास्तर हसता हसता खुर्चीतून घसरले. निरीक्षकही हसले (सेवाकाळ धरून दुसऱ्यांदा).

वर येताना मास्तरांनी सुई आणली, कारण टाचणी आधीच वाकली होती. सुईच्या मागच्या टोकाने त्यांनी बटण दाबलं, सासूबाईंनी स्विच टाकला, निरीक्षकांनी सेकंद मोजले. चाळीस वर्षं शिवण केलेला हात केसभर हलला नाही. दिवा संथ झाला. फाइल भरवली. आकडा चढला आणि चौऱ्याण्णववर थांबला.

निरीक्षकांचा हात प्लगकडे गेला. तो मास्तरांनी धरला, दुसरा बायकोने. सासूबाई प्लगसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. आठ मिनिटं दहा सेकंदांनी पंच्याण्णव आले.

तीन एक्कावन्नला दिवा हिरवा झाला आणि राउटरने नवा पासवर्ड मागितला. नुकता समेट झालेल्या माणसासमोर पासवर्ड सुचत नाही.

"लवकर काहीतरी सांगा!" मुलगी रडकुंडीला आली.

इतक्यात वरच्या मजल्यावरचा पैलवान दोरीवरच्या उड्या मारू लागला. छताकडे पाच माना एकदम वळल्या. पासवर्ड एकमताने मंजूर झाला. मुलीला नोकरी लागली. आता दोन्ही घरांत तोच पासवर्ड चालतो आणि फार सलोखा आहे.

वाचकांनी एवढंच आठवून पाहावं. तुम्ही कुणाकडे गेलात आणि वायफाय मागितलंत, की ते लगबगीने तुमच्या हातातला फोन घेतात आणि जरा पाठ वळवून पासवर्ड स्वतःच टाइप करून देतात. इतकी वर्षं तुम्ही याला आदरातिथ्य समजत आला आहात.