विसाजीपंत पंतोजी वाचन शिकवावयास शिकले, त्याची हकीकत

श्रीशारदेचे चरणीं मस्तक ठेवून लिहितों. शके सोळाशें एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरीं राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं, मुलें पोथी घडाघड म्हणतात परंतु नवा कागद पुढें ठेविला तर मुकीं होतात, हें सरकारास कळलें. मग हुकूम सुटला कीं सर्व पंतोजींनीं कसब्यांत जमावें आणि सगुणाबाई ओक यांजपासून वाचन शिकविण्याची रीत शिकावी. विसाजीपंत गद्रे, तीस वर्षांचे मुरलेले पंतोजी, शाल पांघरून गेले आणि मनांत बहुत रुष्ट होते, कीं आमचे हातचीं शिकलेलीं पोरें कारकून जाहलीं, आतां आम्हांस कोण शिकविणार. मग बाईंनीं परमुलखी लिपीचा कागद पुढें ठेविला, आणि त्यावर घोड्याचें चित्र होतें. "वाचावें," म्हणाल्या. पंतांनीं चित्र पाहिलें आणि डौलानें वदले, "घोडा धांवतो." बाई म्हणाल्या, "धनी पाणी आणावयास गेला, ऐसें लिहिलें आहे. आपलीं मुलेंहि ऐसाच अदमास करितात." पंत शालीनें घाम पुसूं लागले. मग बाईंनीं रीत सांगितली, कीं आधीं अक्षर, मग त्याचा आवाज, आणि आवाजास आवाज जोडून शब्द. आणि म्हणाल्या कीं ही रीत शंभर गांवीं ताडून पाहिली आहे. पंत म्हणाले, "मीहि ताडून पाहीन." आणि गांवीं येऊन निम्मीं मुलें पाठांतराचे जुन्या रीतीस व निम्मीं नव्या रीतीस लाविलीं, आणि नवी रीत हरावी म्हणून तींत मुद्दाम कुंभाराची भागू घातली, जीस दोन वर्षें एक ओळ पाठ होईना आणि पंत जीस मठ्ठ म्हणत. तीन मास लोटले. मग पंतांनीं कोणीं न ऐकिलेली ओळ स्वहस्तें पाटीवर लिहिली. जुन्या रीतीचीं मुलें एकमेकांचीं तोंडें पाहूं लागलीं. भागू उठली, अक्षरावर बोट ठेविलें आणि अडखळत वाचिती जाहली, "मांजरीनें... पंतोजींचें... दहीं... खाल्लें," आणि आपणच खुदकन हसली. पंतांस तीस वर्षांत किती पोरें मठ्ठ म्हणून घरीं धाडिलीं तीं एकेक आठवूं लागलीं. मग सर्वांदेखत म्हणाले, "भागू, तुला मठ्ठ म्हटलें, तें माझें चुकलें."

ती म्हणाली, "बरें, पंतोजी. पुढची ओळ लिहा."

दुसरे दिवशीं सगळीं मुलें नव्या रीतीस बसलीं. सारांश, भागू नववे वर्षीं शिकली आणि पंत एकसष्टावे वर्षीं. कोणास अधिक जड गेलें, हें पंतांस विचारूं नये. हकीकत पुरी जाहली.