नानांच्या घराची साल

नाना फणस घेऊन माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले, तेव्हा मला वाटलं, गरे द्यायला आलेत. त्यांनी सरळ स्कॅनरचं झाकण उघडलं आणि फणसाची साल काचेवर पालथी घातली.

"अहो नाना, चीक लागेल!"

"खोबरेल आणलंय पुसायला. तू बटण दाब."

नाना म्हणजे रत्नागिरीतल्या आमच्या आळीतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मुलगा मस्कतला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर नानांच्या ताब्यात आला. कुठल्याशा मासिकाबरोबर एक सीडी मिळाली. तिच्यात वस्तू चहूबाजूंनी घडवून रंगवायचा प्रोग्राम होता. नानांनी त्यात हेदवीचं आपलं गावचं घर उभं केलं, अंगणातल्या फणसासकट. दिसायला मात्र सगळं राखाडी खोकं.

"आता रंग भरा की झालं," मी म्हणालो.

"रंग दुकानात मिळतो रे. पोत कुठे मिळतो?"

हा त्यांचा मंत्रच झाला. भाजीवालीलासुद्धा विचारत, "वांगी ताजी आहेत गो, पण पोत?"

कृती ते कुणालाही समजावत. पडद्यावरच्या घराची फळासारखी साल काढायची, सपाट पसरायची, तिच्यावर चिरा, लाकूड, ओल रंगवायची आणि परत घराला चढवायची. पहिल्या खेपेला त्यांनी जांभ्याचा एकच चिरा स्कॅन करून सगळ्या भिंतीला लावला. तेच भोक ओळीने सगळीकडे! "भिंत आहे की छापील लुगडं?" असं स्वतःवरच खेकसले आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी भरभरून चिऱ्यांचे तुकडे आणू लागले. गिऱ्हाइकं हसत. मीही हसे.

आळीत अजून म्हणतात, कॉम्प्युटरच्या नादापायी नानांनी घर विकलं. ते खोटं आहे. नानांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगवायू झाला, औषधपाण्यासाठी रत्नागिरीतच राहणं भाग पडलं. "रिकामं घर वाळवी खाईल, विकून टाका," असं त्यांच्या मागे लागलो तो मी. गिऱ्हाईकही मीच आणलं. नव्या मालकाने घर पाडलं. काकूंना ते कुणी सांगितलं नाही. अंथरुणातून त्या रोज विचारायच्या, "घरी कधी जायचं?" आणि लोक नानांना नावं ठेवत, तेव्हा मी गप्प बसायचो.

एका दुपारी नानांनी मला हाक मारली. दोघांनी मिळून मॉनिटर काकूंच्या खाटेशी नेला. घर पडद्यावर आलं. ओसरीखालची ओल, दाराच्या फळीतली चीर, सगळं जिथल्या तिथे. दिवसभर बडबडणारे नाना बायकोच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ओळखेल का?

काकूंनी चालता हात उचलून पडद्यावरच्या भिंतीवर टेकवला. मॉनिटरची काच तापली होती.

"ऊन आलं हो भिंतीवर."

"हो गो," नाना म्हणाले. "वाळत घातलेली आंब्याची साठं उलटायला हवीत."