सुनेचा पायगुण आणि जपानी मेपल

एका जंगलात, बाळांनो, थंडी अंगाला येऊन भिडायची आणि शेजार त्याहून जवळ होता. तिथे साळिंदरांचं एक घर होतं.

घरात सासूबाई, त्यांचा मुलगा दामोदर आणि दारात कुंडीतला जपानी मेपल. उन्हाळ्यात एका पाहुण्या करकोच्याने तो आणून दिला होता. पानं पसरलेल्या पंजासारखी. सासूबाई त्याला भर दुपारच्या उन्हात मांडायच्या, कारण सावलीत तो रस्त्यावरून दिसत नसे. पानांच्या कडा करपायच्या. सासूबाईंना ती नक्षी वाटायची.

थंडी लागली तसा मेपल लालबुंद झाला. त्याच सुमारास दामोदरचं लग्न ठरलं.

"झाडानंसुद्धा शालू नेसला, बाई," शेजारची टिटवी म्हणाली.

लग्न झालं. नवी सून वृंदा काटे अगदी आडवे धरून उंबरठ्यातून आत आली. आठवडाभरात मेपलची सगळी पानं गळली.

"मी काही म्हणत नाही," टिटवी म्हणाली, म्हणजे म्हणालीच. "पण पायगुण म्हणून काही असतो."

सासूबाईंनी झाडाला शाल गुंडाळली. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला हळदीचं पाणी घातलं. कुंडीत डबकं झालं आणि त्यात एक बेडूक राहायला आला.

वृंदाने एक फांदी नखाने हळूच खरवडून पाहिली. "आई, आत हिरवं आहे. झोपलंय ते."

"आमच्या घरी इतका वेळ कोणी झोपत नाही," सासूबाई म्हणाल्या. "होळीपर्यंत पालवी आली नाही, तर दामू तुला माहेरी पोचवून येईल. कायमची."

वृंदाने नवऱ्याकडे पाहिलं. दामोदर कंद खात होता. तो आणखी मन लावून खायला लागला.

मग रोज सासूबाई जेवून आडव्या झाल्या, की वृंदा कुंडीखाली शिरायची. आपल्याच एका काट्याने तळाचं बुजलेलं भोक मोकळं करायची. पाणी निघून जायचं. बेडकाने जागा सोडली.

होळी तोंडावर आली आणि फांद्यांवर इवले लालसर कोंब दिसले.

"शालीची ऊब," सासूबाई म्हणाल्या.

"शाल कसली, सुनेचा पायगुण," टिटवी म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. जरा आमच्या पेरूखालून फिरवून आणू का तिला?"

वृंदाला पेरूखालून फिरवलं, फणसाखालून फिरवलं. सून आम्ही पारखूनच आणली, असं सासूबाई सगळ्यांना सांगू लागल्या. वृंदा मान खाली घालून फिरली आणि विचार करत राहिली. पानं पुन्हा गळणारच होती.

पुढच्या थंडीत मेपल लाल होऊ लागला, तशी ती म्हणाली, "आई, चार दिवस माहेरी जाऊन येऊ?"

ती गेली. पानं गळली. सासूबाईंनी दामोदरला धावत पाठवलं.

वृंदा माहेरच्या अंगणात ऊन खात बसली होती.

"चल ना घरी," दामोदर म्हणाला. "आई म्हणते, झाडाने तुझ्यामागे हाय खाल्लीय."

"खाऊ दे थोडी," वृंदा म्हणाली. "होळीला येते."

तात्पर्य: मेपलला दुपारची सावली लागते, पाण्याचा निचरा लागतो आणि थंडीत विश्रांती लागते. यातलं काहीही कोणाला समजावत बसू नये. पानं लाल झाली, की आपली पिशवी भरावी.