कोकीळ-गांधीलमाशीच्या नामकरणाची रीतसर हकीकत

कोणताही जीव अस्तित्वात येण्यासाठी त्याने नुसतं जन्माला येणं पुरेसं नसतं. त्यावर विभागप्रमुखांची सही लागते. ही हकीकत ज्या कोकीळ-गांधीलमाशीची आहे ती सहीच्या आधीही उडत होती, ऊन खात होती, पिल्लं वाढवत होती (म्हणजे वाढवून घेत होती, ते पुढे येईल). पण हे सगळं विनापरवाना. तिला त्याची लाजही वाटत नसे.

संग्रहालयाच्या कीटक विभागात एक सहायिका होती. तिला एक तान्ही मुलगी होती आणि एक हंगामी नोकरी. पैकी मुलगी कायम होती, नोकरी व्हायची होती. त्यासाठी नियम सोपा होता: उमेदवाराने एका तरी नव्या जातीचं वर्णन एकट्याच्या नावावर प्रसिद्ध केलेलं असावं. विभागाची शिस्त मात्र अशी, की प्रत्येक वर्णनावर पहिलं नाव विभागप्रमुखांचं असावं. नियम आणि शिस्त दोन्ही साहेबांनीच घालून दिल्यामुळे त्यांत विसंगती असण्याचा प्रश्नच नव्हता. विभागाने तोवर एकोणतीस जातींचं वर्णन केलं होतं. सव्वीसांवर साहेबांचं नाव पहिलं आहे. उरलेल्या तीन ते रुजू होण्याआधीच्या असून, त्याची खंत त्यांना अजून आहे.

माशीचा शोध खरं तर मुलीने लावला. घराच्या खिडकीत दुपटी वाळत होती. आईच्या कडेवर भोकाड पसरलेली मुलगी एकाएकी थांबली आणि खिडकीच्या चौकटीतल्या एका भोकाकडे टक लावून बघू लागली. एवढंसं माणूस उगाच गप्प बसत नाही, म्हणून आईनेही पाहिलं. भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून त्यात पिल्लासाठी अळ्या साठवल्या होत्या, आणि आणखी आणायला ती बिचारी बाहेर गेली होती. तेवढ्यात साबणाच्या फुग्यासारखी निळी-हिरवी चकाकणारी एक पाहुणी आत शिरली, अंडं घालून आली आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात उडून गेली.

पुढे तिला पकडून पाहिलं, तर अशी माशी कोणत्याच संग्रहात नव्हती.

नव्या जातीचं वर्णन करायचं म्हणजे रंग, मिशा, पंखांवरच्या शिरा, पोटाच्या शेवटच्या कड्यावरचे दात, सगळं मोजून, काढून, लिहून द्यायचं. या कामाचं अधिकृत एकक झोप हे होतं (मुलीची). डावा मागचा पाय दोन झोपांत झाला. उजव्याला पाच लागल्या, कारण मध्येच दात आले (मुलीला).

"अगं, ती झोपलीय तोवर तूही जरा पड की," सासूबाई म्हणायच्या.

"पडते आई, एवढा एक पाय झाला की."

"डोळे बघ कसे झालेत!"

"डोळे कालच झाले. आता पायच राहिलेत."

सासूबाई मग पाळण्याची दोरी हातात घेत आणि एका झोपेच्या दोन करून देत. शास्त्रीय साहित्यात या पद्धतीची नोंद नाही.

वर्णन पूर्ण झालं. साहेबांनी पहिलं पान बारकाईने वाचलं आणि सहायिकेच्या नावाआधी आपलं नाव घातलं.

"सर, मग मी कायम कशी होणार?"

"अहो बाई, नावात काय अडकून पडायचं? विज्ञान मोठं असतं."

"मग माझं एकटीचंच राहू द्या ना."

"असं कसं? विभागाला काय वाटेल!" (विभागात तेव्हा दोघंच होती.)

सहायिका घरी गेली, मुलीला भरवलं, आणि तिला या क्षेत्रातला एक जुना संकेत आठवला: वर्णन करणाऱ्याने नव्या जातीला स्वतःचंच नाव द्यायचं नसतं. फारच अशोभनीय दिसतं ते. दुसऱ्याने दिलं तर मात्र तो सन्मान.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, या माशीला तुमचं नाव द्यावं असं फार मनात होतं. पण लेखकांत तुम्हीच आहात, म्हणजे राहिलंच ते."

साहेबांनी पेन उचलून स्वतःचं नाव खोडलं. विज्ञानासाठी एवढा त्याग विभागाच्या इतिहासात कोणी केलेला नाही.

वर्णन छापून आलं. माशीला साहेबांचं नाव लागलं, सहायिका कायम झाली. सहाही पानं वाचणाऱ्या पहिल्या वाचक सासूबाई.

"'यजमान घराबाहेर असताना आत शिरते'," सासूबाईंनी मोठ्याने वाचलं. "'स्वतः घर बांधत नाही. दुसरीने साठवलेल्या अन्नावर हिचं पिल्लू पोसलं जातं. पकडली गेल्यास अंगाची गोळी करून स्वस्थ पडून राहते.' अगो बाई! हे वाचलं का गं तुझ्या साहेबांनी?"

"हे शेवटच्या पानावर आहे, आई. त्यांनी पहिलं वाचलंय."

"पहिल्यावर काय आहे?"

"'अत्यंत तेजस्वी.'"

सासूबाई इतक्या हसल्या की मुलगी उठली, आणि एक झोप वाया गेली.

साहेबांनी माशीचा मोठा फोटो खुर्चीमागे लावला आहे. आल्यागेल्याला ते सांगतात, "हुबेहूब माझ्या नावाला शोभेल अशी आहे." कोणी हरकत घेत नाही. उलट इतर विभागांचे प्रमुखही आपल्या नावासाठी एखादी आहे का, अशी अधूनमधून चौकशी करून जातात.

विभागाकडे याच कुळातल्या आणखी दोन जाती नावाविना पडून आहेत. ही हकीकत मध्ये कोणी हाक न मारता, आयता चहा घेत, बसल्या जागी शेवटपर्यंत वाचू शकलेले सर्व वाचक या सन्मानास पात्र आहेत. अर्ज मागवले आहेत. अर्ज स्वतः लिहिण्याची तसदी घेऊ नये. घरातलं कोणीतरी लिहून देईलच.