रायपूरला पन्नास मिनिटं

मंगळवारी सकाळी रायपूरचं विमान जमीन सोडे, तेव्हा आमचा शेजारी सदूभाऊ अर्धी दाढी झालेली असो की तोंडात घास असो, अंगणात येऊन ओरडे, “सुटलं!” अन् हातातलं चावीचं घड्याळ पाहून दारावर खडूने टाइम लिही. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सोनेगावात आमच्या घरांमागेच विमानतळ. सदूभाऊ रेल्वेतला रिटायर गँगमन, विमानात जन्मात बसला नाही.

उतरल्याचा टाइम रायपूरहून पोस्टकार्डावर येई. तिथे त्याची लेक कमली दिली होती. शुक्रवारी कार्ड आलं की मी वाचायचं, कारण मोतीबिंदूमुळे त्याला बारीक अक्षर दिसत नसे. मग तो मलाच ऐकवी, “पावणेतीनशे किलोमीटर, पन्नास मिनिटं. आपली पॅसेंजर गाडी सात तास घेते.”

मी चौथी शिकलो, पण कोणाचं उगाच ऐकून घेतलं नाही. “इथून कधी आठ-वीसला सुटते, कधी पावणेनऊला. तिथे दर वेळी नऊ-दहालाच कसं उतरते? मागच्या बारी काय पंचवीस मिनिटांत रायपूर?”

“वारा मागून असन. माणूस खोटं बोलते गा, घड्याळ नाही बोलत.” हे त्याचं ठरलेलं.

त्या श्रावणात कमलीला आठवा महिना होता. एका शुक्रवारी कार्ड आलं नाही. शनिवारीही नाही. मंगळवारी आठ-वीसला विमान उडालं अन् थोड्या वेळात परत आलं. रायपूरवर ढग फार होते म्हणे. त्या दिवशी ते गेलंच नाही. सारी गल्ली वर पाहत होती. सदूभाऊ एकटा पोस्टमनच्या रस्त्याकडे पाहत होता.

“तार करतं का?” मी विचारलं.

“कार्ड येईन.” पण त्याची अर्धी दाढी संध्याकाळपर्यंत अर्धीच राहिली.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी पोस्टमनच्या हातातून कार्ड मीच ओढलं. सदूभाऊने दाराची कडी धरून ठेवली होती.

‘मागच्या आठवड्यात ताप होता. आता बरी आहे. मंगळवारी विमान नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरले.’

ते विमान तर पोहोचलंच नव्हतं. किती वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होतो. आता कार्डाचं खोटं हातात सापडलं होतं.

“वाच ना गा.”

“बरी हाय. ताप होता, गेला.”

कडी सुटली. “अन् विमान?”

“ढग होते. आलं नाही म्हणते.”

तो हसला. “खोटं नको वाचू. तिच्या घरून आभाळच दिसत नाही, मी पाहून आलो हाय. सासू तिले माहेरी पत्र लिहू देत नव्हती. मग म्या जावयाले सांगतलं, हे एरोड्रमचं सरकारी काम हाय, दर मंगळवारी टाइम कळवा लागते. तो भेला. तवापासून कार्ड येते.”

त्याने खडू माझ्या हातात दिला. मी कोणाला कधी हार गेलो नाही. दारावर त्या मंगळवारच्या आठ-वीससमोर माझ्या हाताने नऊ-दहा लिहिलं.

“किती झाले?”

“पन्नास,” मी म्हटलं. “बरोबर हाय.”