दुपारी मास्क लावतं कोण?

मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. म्हणजे कोणी लिहून दिलं की ‘मी जिन्यावरून पडलो’, तर आम्ही आधी विचारायचं, ‘घराला जिना आहे का?’ इतकी वर्षं हेच केल्यावर संशय अंगात मुरतो, लोणच्यासारखा. बायकोनं प्रेमानं विचारलं, ‘आज लवकर आलात?’ तरी मला वाटतं, हिला उशिराची अपेक्षा का होती? (बायकोचं म्हणणं, हा स्वभाव लग्नाच्या आधीपासूनचा आहे आणि नोकरी निव्वळ निमित्त.)

तर मी घोरतो. घोरतो म्हणजे साधं नाही. डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा कळलं, झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, मग शरीर दचकून तो पुन्हा चालू करतं आणि रात्रभर हाच खेळ चालतो. त्यावर उपाय म्हणून पलंगाशेजारी एक मशीन आलं. मशीनला नळी, नळीला मास्क, मास्कात मी. शिवाय बोटाला ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तात प्राणवायू किती आणि नाडीचे ठोके किती ते रात्रभर टिपून ठेवणारा चिमटा. पहिल्या दिवशी माझा हा अवतार बघून बाबा म्हणाले, “अरे, तू झोपायला चाललायस की विमान चालवायला?”

महिन्याभरानं डॉक्टरांनी मशीनमधली सरासरी बघितली आणि खूश झाले. “वा! उत्तम प्रगती! असंच चालू ठेवा.”

आता प्रगती एवढी उत्तम, तर मग मी दुपारी टेबलावर डुलक्या का घेत होतो? त्याच आठवड्यात एका दाव्यावर सही करता करता माझा डोळा लागला आणि सहीची शेपटी खाली घसरत घसरत पार अर्जदाराच्या पत्त्यापर्यंत गेली. कागदोपत्री बरा, खुर्चीत झोपलेला. असा दावा माझ्यासमोर आला असता तर मी तो उभ्या उभ्या फेटाळला असता.

शेजारच्या टेबलावर आमचे सर्वज्ञ बसतात. (हे नाव ऑफिसनं ठेवलंय. त्यांना ते माहीत नाही. एवढी एकच गोष्ट त्यांना माहीत नाही.) ते म्हणाले, “डॉक्टर नुसती सरासरी बघतात. सरासरी म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो, सगळे हसरेच दिसतात. खरं काय ते आत असतं. मशीनमध्ये कार्ड असेल. ते काढून आणा. कंप्युटरवर बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.”

मी कार्ड आणलं. एवढंसं, नखाएवढं. ते तिथेच राहू दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून आम्ही ते सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर माझी रात्र उलगडली. श्वासाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी. मध्येच सपाट, म्हणजे श्वास थांबलेला. त्याच्या खाली मास्कातून हवा कुठे निसटते त्याचा ग्राफ, तो नुसता डोंगर. ऑक्सिमीटरची रेघ तर दर थोड्या वेळानं विहिरीत उडी मारल्यासारखी खाली.

“ही तुमची उत्तम प्रगती?” सर्वज्ञ म्हणाले. मग त्यांनी माऊस थोडा सरकवला. “आणि हे काय?”

त्याच दिवसाच्या पट्टीवर, रात्रीपासून दूर, आणखी एक तुकडा होता. दुपारी दोन ते साडेतीन. श्वास एकसारखा, संथ, तलावातल्या लाटांसारखा. श्वास थांबणं शून्य. हवा निसटणं शून्य. आदल्या दिवशीही दोन ते साडेतीन. त्याच्याही आदल्या दिवशी. फक्त रविवार मोकळा.

“दुपारी दोनला तुम्ही कुठे असता?” सर्वज्ञांनी विचारलं.

“इथे. तुमच्यासमोर.”

“मग तिथे कोण आहे?”

माझ्या पलंगावर, माझ्या मास्कात कोणीतरी निवांत श्वास घेत होतं. आणि घेत होतं माझ्यापेक्षा कितीतरी चांगला!

“मी काही म्हणत नाही हं,” सर्वज्ञ म्हणाले. (हे वाक्य उच्चारून आजवर जगात जेवढी घरं बसलीत, तेवढी भूकंपानं बसली नसतील.)

संध्याकाळपर्यंत मी छाननी पूर्ण केली. मशीनचं घड्याळ चुकलं असेल? नाही, रात्रीच्या वेळा बरोबर होत्या. बाबा असतील? शक्य नाही. बाबांच्या मिशा म्हणजे दोन्ही बाजूंना फुटलेली झाडं. त्यावर मास्क बसवला असता तर हवा निसटण्याचा ग्राफ छताला लागला असता. बायको? ती घरी कपडे अल्टर करण्याचं काम करते. दिवसभर शिवणयंत्रावर. लग्न झाल्यापासून मी तिला दुपारी आडवं झालेलं पाहिलेलं नाही. (दुपारी मी घरी नसतोच, तर पाहणार काय, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.) म्हणजे राहिला तिसरा माणूस. दाढीमिशा नसलेला. निरोगी.

घरी आल्याआल्या मी मास्क हुंगला. गुलाबाच्या साबणाचा वास! माझा साबण कडुनिंबाचा.

आधी बाबांना गाठलं.

“बाबा, दुपारी घरात कोण असतं?”

“मी असतो. सूनबाई असते. का रे?”

“आणखी कोण?”

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. “मला काही माहीत नाही.”

“मी कुठे म्हटलं काही आहे म्हणून?”

“मग मला काही नसलेलंही माहीत नाही!”

वर्तमानपत्र उलटं होतं. बाबा सामील होते.

मग बायको. मी अगदी सहज, पाणी पिता पिता विचारलं, “दुपारी कोणी येतं का गं?”

“येतात की, गिऱ्हाइकं.”

“पुरुषसुद्धा?”

“मग विजारी आखूड करून घ्यायला कोण येणार?”

“मापं कुठे घेतेस?”

“कमरेला!”

“तसं नव्हे. कुठल्या खोलीत?”

तिनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. “अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला?”

मला खरंच बरं वाटत नव्हतं. तिच्याकडे बघितलं तर ती गेल्या कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी टवटवीत दिसत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली. हा शेवटचा पुरावा. मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण एक पोळी कमी.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन घरून निघालो, ऑफिसला तोंड दाखवलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दबकत दबकत घरी परतलो. बाबा गॅलरीत पाठ करून बसलेले. पुढच्या खोलीत शिवणयंत्राची घरघर. मी किल्लीनं हळूच दार उघडून बूट हातात घेतले, बायकोच्या पाठीमागून चवड्यांवर चालत झोपायच्या खोलीत शिरलो आणि पलंगाखाली आडवा झालो. दोनला थोडा वेळ होता.

पलंगाखाली गारवा होता, अंधार होता. बाहेर शिवणयंत्र एका लयीत चाललं होतं. डबा नुकताच संपवलेला. मी डोळे ताणून दाराकडे बघत होतो, एवढं मला पक्कं आठवतं.

पुढची हकीगत साक्षीदारांच्या जबानीवरून सांगतो. कारण गुन्हा घडला तेव्हा तपास अधिकारी झोपला होता.

दोन वाजता बायको खोलीत आली. दार लोटलं, मास्क चढवला, मशीन चालू केलं आणि पडली. थोड्या वेळानं तिला घरघर ऐकू आली. तिला वाटलं, मशीन बिघडलं. तिनं ते बंद केलं. घरघर चालूच. नुसती चालू नाही, वाढत गेली. मग एकदम थांबली. सगळं शांत. बायको श्वास रोखून बसली. (खाली मीही रोखला होता, पण माझं कारण वैद्यकीय होतं.) आणि मग पलंगाच्या खालून असा काही स्फोट झाला की ती मास्कासकट किंचाळत बाहेर धावली.

बाबांनी वर बघितलं तर समोर सूनबाई, तोंडाला मास्क, मास्कापासून लोंबणारी नळी आणि आतून नुसतं “हूं! हूं!”. त्यांनी पडद्याचा दांडा उपसला, खाली वॉचमनला हाक मारली, आणि दोघांनी मिळून मला एका पायानं ओढून उजेडात आणलं.

“साहेब,” वॉचमन म्हणाला, “तुम्ही तर सकाळी बाहेर पडलात आणि दुपारीच दबकत आत शिरलात. मला तेव्हाच शंका आली होती.”

बाबा म्हणाले, “अरे, तू ऑफिसात होतास ना?”

बायकोनं मास्क काढला. चेहऱ्यावर त्याचे वळ उठलेले. दुपारचा तो माणूस कोण, ते मला कळलं. वॉचमन गेल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसली.

“तू मास्क लावून झोपतेस? तुला काय झालंय?” मी विचारलं.

“मला काही झालेलं नाही. दोन वाजले की गिऱ्हाइकाचा फोन, दाराची बेल, बाबांचा चहा. पाठ टेकली की कोणी ना कोणी ‘जरा ये गं’. एकदा गंमत म्हणून हे तोंडाला लावून पडले. बाबा चहा मागायला आले, बघितलं, दार लोटून घेतलं आणि स्वतः चहा केला. स्वतः! मग मी रोजच लावायला लागले. रोज साबणानं धुऊन ठेवते.”

“मला वाटलं, हिला काहीतरी मोठं दुखणं आहे,” बाबा पुटपुटले. “ती म्हणाली, सांगू नका. मी कशाला सांगतोय?”

“अगं, पण रात्री झोपतेस की तू.”

“रात्री?” ती हसली, पण नीट नाही. “इतकी वर्षं तुमचं घोरणं ऐकत झोपले. आता हे मशीन आल्यापासून तुमचा आवाजच येत नाही. अंधारात मी उठून बसते आणि छाती हलतेय का ते बघते. हवा निसटण्याची बारीक शिटी ऐकू आली की पडते परत.”

मग तिनं विचारलं, “पण तुम्ही पलंगाखाली काय करत होतात?”

“ते... ग्राफमध्ये दुपारी कोणीतरी... म्हणजे मला वाटलं...”

“काय वाटलं?”

बाबा घाईघाईनं चहा करायला गेले. (दुसऱ्यांदा स्वतः!)

मला काय वाटलं होतं ते बायकोला कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून शिवणयंत्रावर जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत. माझ्या ऑफिसच्या तीन विजारी तिनं त्या दिवशी आखूड केल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिची माफी मागितली. एकदा स्वयंपाकघरात, एकदा जिन्यात आणि एकदा बाबांच्या आग्रहावरून बाबांच्या समोर. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “ते सॉफ्टवेअर मला दाखवा. माझी झोप तुमच्या झोपेत मिसळलीय ना, ती बाजूला काढू.” तिनं दुपारचे सगळे तुकडे एकेक करून वगळले. डॉक्टरांना आकडे दाखवले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. उत्तम प्रगती झाली होती ती बायकोची, आणि तिला तर आजारच नव्हता! माझा मास्क मला एक माप लहान निघाला. डॉक्टरांनी दुसऱ्याचा मास्क वापरण्याबद्दल आम्हा दोघांनाही झापलं आणि मला मोठं माप दिलं. त्यानंतर खरंच फरक पडला. करवत गेली, विहीर गेली, टेबलावरच्या डुलक्याही गेल्या. जुना लहान मास्क बायकोनं ठेवून घेतलाय. दुपारी ती तो लावून पडते. नळी कशालाच जोडलेली नसते, नुसती उशीखाली खोचलेली. बाबांना आता सगळं माहीत आहे, तरी मास्क दिसला की ते दार लोटून घेतात.

एकंदरीत सगळं मार्गी लागलं असं मला वाटत होतं. पण सॉफ्टवेअर आता तिच्या ताब्यात आहे. रोज सकाळी मी दाढी करत असतो तेव्हा ती कार्ड घालून बसते. काल तिथूनच तिनं विचारलं,

“अहो, पहाटे पावणेपाचला नाडी एकदम एकशे बारावर कशी गेली?”

“स्वप्न पडलं असेल.”

“कोणाचं?”

आता खरं सांगायचं तर स्वप्नात आमचे सर्वज्ञ माझ्या जागेवर बढती घेऊन बसले होते. पण मी म्हटलं, इतक्या दिवसांनी घरात जरा गोडी आलीय, ती वाढवू या. मी गालावरचा फेस तसाच ठेवून बाहेर आलो आणि म्हणालो, “तुझंच. दुसरं कोणाचं पडणार?”

तिनं पडद्यावरून नजर न काढता मान हलवली.

“खोटं. परवा झोपेत तुम्ही माझं नाव घेत होतात, तेव्हाची नाडी मी बघून ठेवलीय. अठ्ठावन्न.”